वाराच्या दिवशी बांधलेली भिंत

माझ्या भागीदारानं आमच्या वसाहतीतल्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंच्या लोकांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्याचं गोड बोलणं आलं की कुणाचं मन विरघळायला नको. मलाही फसवलं असं म्हणता येईल. पण मी बाजारात वाढलेला माणूस आहे. मला फसवायला आलेले पुष्कळ भेटले आणि त्यातल्या बहुतेकांना मी पुरून उरलो. जी माणसं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या घराची चावी हातात घेत होती, त्यांना त्यानं फसवलं. माझा राग त्याचा आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी मूळचा निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. संध्याकाळी ती घरात आली की आम्ही भावंडं आधी शिंकायचो आणि मग तिला बिलगायचो. मी वखारीत पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू सौद्याच्या जागी उभा राहायला लागलो. तिथं जुने व्यापारी टॉवेलखाली हात घालून भाव ठरवायचे. बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहरा मात्र कोरा ठेवायचा. माझं सगळं शिक्षण त्या टॉवेलखाली झालं. समोरचा किती वर चढेल हे मला त्याच्या मनगटावरून कळायचं. पुढं मी स्वतः सौदे केले, मग जागांच्या व्यवहारात पडलो आणि बेळगावला आलो.

सुरुवातीला टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागची खोली भाड्यानं घेतली होती. माणसं वाईट नव्हती. फक्त पुढच्या फाटकातून भाडेकरूंनी यायचं नाही. बाजूच्या बोळातून वळसा घालून मागं यायचं. एकदा आई निपाणीहून आली. लुगड्याला वखारीचा वास, हातात पिशवी. ती सरळ पुढच्या फाटकातून आत गेली. मालकीणबाई हसतमुखानंच म्हणाल्या, "मावशी, तुमचं दार मागच्या अंगाला आहे."

आई बोळातून खोलीवर आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "घर लई झ्याक हाय रं. पण एवढ्या मोठ्या घराला आमच्यासाठी येगळं दार कशाला केलंय?"

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. मी जर कधी घरं बांधली तर फाटक एकच असेल.

पुढं बेळगाव-निपाणी रस्त्याच्या कडेला एका गावाची जमीन निघाली. भाऊबंदांची सामायिक, मधोमध जुनी विहीर, बांधावर फणस आणि आंबे. भाऊबंदांत वडीलधारे एक आप्पा होते. सौद्याला ते एकटे बसले. मी जुन्या सवयीनं टॉवेल काढला तर ते हसले.

"तू निपाणीचा न्हवं? टॉवेल काढलास तवाच कळलं. आण हात."

बराच वेळ आमची बोटं एकमेकांशी भांडत होती. शेवटी त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि उघड्यावर बोलले.

"भाव झाला. आता दोन गोष्टी बोटानं सांगता येत न्हाईत, त्या तोंडानं सांगतो. हिरीला कुंपण घालायचं न्हाय. आन् गावचा वार पाळायचा."

पेरण्या उरकल्या की आमच्या भागातल्या गावांत वार पाळतात. देवीच्या नावानं ओळीनं ठरलेल्या काही मंगळवारी जमिनीला लोखंड लावायचं नाही; औत नाही, कुदळ नाही, बांधकाम नाही. मी म्हटलं, "दोन्ही कबूल." आणि दोन्ही पाळलं. स्लॅबचं काम अर्धवट असतानाही वाराच्या दिवशी मी मशीन बंद ठेवलं. गवंडी गावचेच होते. त्यांनी हे बघितलं, आणि त्यानंतर माझ्या कामात एकही चिरा वाकडा बसला नाही.

भांडवल मला एकट्याला झेपणारं नव्हतं, म्हणून भागीदार घेतला. चांगल्या घरचा, इंजिनियर, बोलायला लोणी. आराखडा त्याच्या ऑफिसात कागदावर उतरला हे खरं. पण त्या आधी तो जमिनीवर मी उतरवला होता, हातानं चुन्याची फक्की मारून. प्रत्येक गल्लीत एक मोठं घर, त्याला लागून दोन लहान, समोर पुन्हा तसंच. म्हणजे प्राध्यापकाच्या खिडकीतून कंडक्टरचं अंगण दिसलं पाहिजे आणि कंडक्टरच्या ओट्यावरून प्राध्यापकाचं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे उन्हाळ्यात घर तापायचं नाही. छपरांचं सगळं पाणी चर काढून विहिरीकडं नेलं. रस्त्याला डांबर घातलं नाही. फरशा बसवून फटी मोकळ्या ठेवल्या, पाणी मुरायला. फणस एकही तोडला नाही. एका फणसासाठी रस्ता वाकवला, तेव्हा भागीदार म्हणाला, "अण्णा, लोक म्हणतील कंत्राटदार पिऊन आलता."

मी म्हटलं, "म्हणू द्यात. सावलीत उभं राहून म्हणतील."

आता त्या वाकलेल्या रस्त्यावर सगळी वसाहत संध्याकाळी टेकते. शहरात टँकर फिरत असतात तेव्हा आमच्या विहिरीत पाणी असतं. मी कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही, आणि शिकलेली माणसं ही वसाहत बघायला येतात. त्यांना मी स्वतः फिरवून दाखवतो. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

लहान घरांचा भाव मी मुद्दाम खाली ठेवला. मोठ्या घरांच्या भावात तो भरून काढला, आणि मोठं घर घेणाऱ्याला तसं तोंडावर सांगितलं. काही उठून गेले. जे राहिले ते मनापासून राहिले. टिळकवाडीतला जुना बंगला विकून आलेले एक निवृत्त प्राध्यापक त्यातलेच. त्यांना आम्ही सर म्हणायचो. लहान घरांत खानापूर भागातली, शेती सांभाळून शहरात नोकरी करणारी कुटुंबं आली, कन्नड बोलणारा एक कंडक्टर आला, एक शिंपी आला. निपाणीची एक सिस्टर आली. तिची आई माझ्या आईबरोबर वखारीत होती. ती आता मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, बौद्ध कुटुंब. शहरात चांगल्या पगाराची पावती दाखवूनही आडनाव विचारून तिला घर नाकारलेलं. तिनं चावी घेताना मला एकच विचारलं.

"अण्णा, फाटक एकच न्हवं?"

"एकच, आक्का."

मी शब्द दिला होता.

शेवटची गल्ली पुरी होत आली त्या वर्षीची गोष्ट. सिस्टरचं आणि शिंप्याचं घर त्याच गल्लीत; तिथली लहान घरं राहती झाली होती, मोठी अजून बांधायची होती. पावसानं उघडीप दिली होती आणि मंगळवारी वार होता. गवंडी आले नाहीत, मी वॉचमनलाही गावाला धाडलं आणि स्वतः निपाणीला गेलो. बुधवारी सकाळी येऊन बघतो तर शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लॉकची भिंत. पुरुषभर उंच, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्या बाजूला नाल्याकडं एक लोखंडी फाटक बसवलेलं. विहीर पुढच्या बाजूला राहिलेली. सिस्टर ड्यूटीवरून आली ती नाल्याच्या कडेनं, चपला हातात घेऊन.

"अण्णा," ती भिंतीपलीकडून म्हणाली, "माझं दार कुठं हाय म्हणायचं आता?"

तिला माझ्या आईची गोष्ट माहीत नव्हती.

मी भागीदाराच्या ऑफिसात गेलो. बसलो नाही.

"भिंत कुणी घातली?"

"आधी चहा घ्या अण्णा."

"चहा तुझ्या डोक्यावर वतीन. भिंत कुणी घातली?"

"बाहेरची टोळी आणली होती. अहो, पुढच्या घरांतल्या लोकांनी मागितली. रोज माझ्याकडं येतात. सुरक्षितता म्हणतात, मुलीबाळी म्हणतात. मी तरी काय करू? शेवटी मोठे पैसे त्यांचे."

"वाराच्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही नसता," तो म्हणाला, आणि हसला. वर म्हणाला, "तुम्ही रागीट माणूस. तुमचा त्रास वाचवला."

टेबलावरची काच फुटली ती माझ्या हातानं. पण रस्त्यावर आल्यावर सौद्यातली अक्कल जागी झाली. माझा आवाज वर चढत होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. पण "पुढच्या घरांतले लोक" म्हणताना त्याचा हात टेबलाखाली गेला होता. बाजारात हात लपवणारा माणूस मला नवा नाही. मनात आलं, ह्याचं बोलणं दुसऱ्या बाजूला जाऊन ताडून बघितलं पाहिजे.

मी पुढच्या मंगळवारी, वाराच्याच दिवशी, सगळ्यांना विहिरीवर बोलावलं. आप्पा गावातून काठी टेकत आले. मागची माणसं नाल्याकडून वळसा घालून आली, पायजमे चिखलानं भरलेले. पुढची आपापल्या ओट्यांवरून उतरून आली. कुणी कुणाकडं बघेना. शेवटी सिस्टरच बोलली.

"सर, एक विचारू? आमी तुमचं काय वाईट केलंतं, म्हणून भिंत मागितलीसा?"

सरांनी चष्मा काढला. "आम्ही? अहो, तुम्हीच मागितली ना? तुम्हाला वेगळं फाटक पाहिजे, आमच्यासमोरून येता-जाता तुम्हाला अवघडल्यासारखं होतं, असं आम्हाला सांगितलं. माझी बायको तेव्हापासून मनाला लावून बसलीय. आमचं काय चुकलं म्हणते."

"कोण म्हणालं असं?"

"तेच. भागीदारसाहेब."

कंडक्टर कन्नडमधून काहीतरी म्हणाला, आणि ते सगळ्यांना समजलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शिंपी म्हणाला, "मला तर सांगितलं, वरच्या ऑफिसचा नियम हाय. लहान घरं येगळी दाखवायला लागत्यात म्हणं."

"आन् आमाला सांगितलं," सिस्टर म्हणाली, "अण्णांची पण संमती हाय."

मग सगळेच माझ्याकडं बघायला लागले. माझ्या शब्दाची किंमत तिथं उघड्यावर पडली होती. मी शेडमधून पहार काढली आणि भिंतीकडं निघालो.

"ए!" आप्पा ओरडले. "ठेव ती खाली."

"आप्पा, आता मधी पडू नका."

"आज वार हाय. जमिनीत लोखंड जायचं न्हाय. त्येनं मोडला म्हणून तूबी मोडणार? मग तुझ्यात आन् त्येच्यात फरक काय राहिला?"

"मला रात्रभर झोप येणार न्हाय."

"न येऊ दे. भिंत कुठं पळून जातीया?"

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, सर सुद्धा. सरांच्या बायकोनं चहा केला आणि मागच्या लोकांना आग्रहानं ओट्यावर बसवलं. मी पहार मांडीवर घेऊन फणसाखाली बसून राहिलो. वखारीत उपाशी काढलेला दिवसही मला इतका जड गेला नव्हता.

बुधवारी सकाळी मी यायच्या आधी तिथं माणसं जमली होती. गावचे गवंडी, पुढच्या घरांतली माणसं, मागच्या घरांतली माणसं. पहिली पहार मी मारणार असं मी ठरवलं होतं. पण सिस्टर पुढं झाली, आणि मी पहार तिच्या हातात दिली. तिच्या घावानं ब्लॉक काही हलला नाही. सर म्हणाले, "बाई, कंबर वाकवा," आणि स्वतः हात लावला. दुपारपर्यंत भिंत नव्हती. धड राहिलेल्या ब्लॉकचे आम्ही विहिरीच्या कडेनं बसायला कट्टे केले. नाल्याकडचं लोखंडी फाटक भंगारात गेलं; त्याचा भाव मी स्वतः केला आणि भंगारवाल्याला सोडलं नाही.

भिंतीमागचं कारण पुढं कळलं. पुढच्या बाजूचे काही प्लॉट त्यानं स्वतःकडं राखून ठेवले होते. मागची घरं भिंतीआड गेली की ते "निवडक लोकांसाठी" म्हणून विकायचे होते. भिंत पडल्यावर ते प्लॉट मी खटपट करून त्याच्याकडून सोडवून घेतले आणि त्यावरही एक मोठं, दोन लहान असंच बांधलं. त्या सौद्याला मात्र मी टॉवेल वापरला नाही. सगळ्यांच्या समोर, विहिरीवर बसून, तोंडानं भाव केला, आणि तो त्याला गिळावा लागला.

लोक मला म्हणतात, झालं गेलं, वसाहत उभी राहिली, आता कशाला उगाळता? मी म्हणतो, वसाहत माझी आहे, म्हणूनच उगाळतो. भिंत पडली, पण सिस्टर त्या दिवशी चपला हातात घेऊन चिखलातून चालली ते कुणी परत घेऊ शकत नाही. सरांची बायको आपलं काय चुकलं म्हणून झुरली, तेही नाही. त्यानं पुढच्यांना सांगितलं मागच्यांना नको आहे, मागच्यांना सांगितलं पुढच्यांना नको आहे, आणि वर सांगितलं माझी संमती आहे. आता तो शहरात कार्यक्रमांना दिसतो, माझ्याकडं बघून नमस्कार करतो, आणि तोंड भरून म्हणतो, आपली वसाहत छान झाली.

आपली म्हणायचं असेल तर यावं. एकाच फाटकातून आत यावं, कुणी अडवणार नाही. सगळ्यांना मी बोलावतो. आणि सगळ्यांच्या तोंडावर एवढंच सांगावं: ती भिंत नेमकी कुणी मागितली होती? एका माणसाचं नाव घ्यावं. नाव नसेल तर आपलं घ्यावं. पण उत्तर दिल्याशिवाय त्याला मी बाहेर जाऊ देणार नाही.