दसऱ्याचा विकतचा झेंडू

आमच्या शेतात झेंडू मावत नसे आणि दसऱ्याचं तोरण मात्र बाजारातून विकत आणलेल्या फुलांचं. सगळं वरवट बकाल गाव आम्हाला हसायचं.

हा नियम सासूबाईंचा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला सासऱ्यांनी शेतातला सगळा झेंडू तोडून आणला. दाराला, ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या मोटारीला! टोपली पाहून सासूबाई सणासुदीच्या कडाडल्या, "काऊन तोडला हो? भेदऱ्याच्या राखनीले होता तो झेंडू!"

भेदरं म्हणजे टोमॅटो. त्यांचं फळ पोखरणारी अळी ज्या पाखराची, म्हणजे पतंगाची, ते तिन्हीसांजेला फुलांच्या वासाच्या मागावर येतं. झेंडू फुललेला असला की बरीचशी अंडी त्याच्यावरच घालतं आणि टोमॅटो वाचतात. मी मलकापूरच्या दुकानदाराची मुलगी, मला हे नवंच. विचारलं, "पाखराला नाक असतं?"

"नाक नाई, मिशा अस्तेत. मिशीनं वास घेते ते." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "नाई तं हे पाह्य. मिशा येवढ्या, अन् भाजी करपली तरी पत्ता नाई!"

सासरे मिशीतल्या मिशीत हसले. पण पुढे तोड्याला फळं किडकी निघाली. सासूबाई ती बाजूला टाकत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. सासऱ्यांना तेच जास्त लागलं असावं, कारण तेव्हापासून दर दसऱ्याला पिशवी घेऊन बाजारात तेच जायचे.

संध्याकाळी आम्ही दोघी बांधावर बसायचो. झेंडूचा तो उग्र वास मला कधीच आवडला नाही. "तुले नसू दे, पाखराईले आवडते ना," त्या म्हणायच्या. त्या संध्याकाळींसाठी आजही जीव तुटतो.

यंदा सासूबाई नाहीत. टोमॅटो आम्ही लावलेच नाहीत. झेंडू मात्र गेल्या वर्षीच्या बियांतून आपला आपण उगवला आणि बांधभर फुलला. दसऱ्याच्या सकाळी सासरे म्हणाले, "आन तोडून. आता कोन बोलते?"

खरंच होतं, राखायला काही उरलं नव्हतं. मी टोपली घेऊन गेले, एक फूल तोडलं. बोटांना तोच वास आला. मी उगाच मागे वळून पाहिलं. कुणीही ओरडलं नाही, आणि मला रडू कोसळलं.

रिकामी टोपली घेऊन घरी आले. सासऱ्यांनी टोपलीकडे पाहिलं, खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला घालून बाजाराला निघाले.