काणीच्या रानातलं बी

माझा स्वभाव तापट, आणि मनातली शंका विचारून टाकल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. बोरीला शेती बघणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला. मनमाडला गाडी बदलून आम्ही त्याला मुंबईच्या दवाखान्यात नेलं. औषधांनी रोग दबला, पण तो परत उलटू शकतो, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. माझ्या हाडातला मगज त्याला द्यायला मी तयार होते, तर तो जुळेना. मला लय राग आला. सख्खी बहीण असून काय कामाची?

मग डॉक्टर म्हणाले, आता रोग दबलाय तोवर त्याचाच मगज काढून गोठवू, जबर औषधानं आतलं सगळं मारू आणि तोच मगज त्याला परत देऊ.

आमचे वडील, आबा, शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काणीच्या रानातलंच बी परत त्याच रानात पेरायलाव का तुमी?"

डॉक्टरांना काणी ठाऊक नव्हती. मी सांगितलं, जवारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते आणि रोग बियाण्यातूनच येतो. म्हणून आमच्यात बी सोयऱ्याधायऱ्यांकडून बदलून आणतात. डॉक्टरांनी लक्ष देऊन ऐकलं. "एकही वाईट पेशी त्यात राहिली नसेल, असं मी छातीठोक सांगू शकत नाही," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, म्हणून मला तो माणूस आवडला.

मगज परत द्यायच्या दिवशी मी काचेला नाक लावून उभी. रक्तासारखी लाल पिशवी सलाईनसारखी टांगली, बस. एवढ्याचसाठी एवढा खटाटोप? खोलीत म्हणे लसणाचा वास सुटला होता. कशाचा, म्हणून मी नर्सला छेडलं. गोठवताना घातलेल्या औषधाचा, ती म्हणाली.

त्याच दिवशी आबांनी धर्मशाळेत घरून आणलेली मूठभर जवारी ओल्या फडक्यात बांधली. पेरणीआधी बियाची उगवण आम्ही अशीच बघतो. जवारीला लवकरच मोड आले. मगज रुजला की रक्तात पांढऱ्या पेशी दिसतात, भावाच्या मात्र रोज नाहीतच. आबांनी जेवण सोडलं. "बी मेलं, बाई."

"जवारी अन् माणूस एकच हाय का?" मी खेकसले. फडकं उचलून मोरीत टाकलं. पण तोवर मीही ते रोज चोरून उघडून बघत होते. मला फार भीती वाटत होती.

पुढे पेशी दिसायला लागल्या. भाऊ घरी आला, डोक्यावर मऊ केस आले. पण कणीस निसवून बाहेर पडल्याशिवाय काणी दिसत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

हंगामात जवारी निसवली. आबा रोज रानात जाऊन एकेक कणीस वाकवून बघायचे. घरी आले की भावाकडे बघायचे आणि नजर चोरायचे. एक दिवस भाऊ चिडला. शेवटी माझाच भाऊ. त्यानं सदऱ्याची बटणं काढली, आबांचा हात धरून स्वतःच्या मानेवर ठेवला. "कणसं काय बघायलाव? मला बघा."

आबांनी मान चाचपली, काखा चाचपल्या. आजाराच्या सुरुवातीला होती तशी कुठं गाठ नव्हती. मग पोराच्या खांद्यावर डोकं टेकून ते रडले.

रोग परत आला नाही. पुढल्या पेरणीला सोयऱ्यांनी बियाणं पाठवलं, तर आबांनी ते माघारी धाडलं. म्हणाले, "यंदा घरचंच पेरतो."