बर्फातली नळी

माझी धाकटी बहीण मुंबईत रक्तातल्या कणांवर संशोधन करते. मी वीस वर्षं अलिबागच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. बाबांनी जेट्टीवर कुणाला माझं काम सांगितल्याचं मला आठवत नाही. तिचं मात्र तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांनाही पाठ होतं. बाबा सांगायचे, पेशी दुखावली की तिच्या सालीचे बारीक तुकडे सुटतात, रक्तात फिरतात, गुठळी धरायला मदत करतात; त्यावरून हृदयाचं दुखणं आधी कळेल का, ते माझी लेक शोधते! बाबा जन्मभर मासेमारीच्या होडीवर सुकाणू धरणारे तांडेल. 'प्लेटलेट' हा शब्द ते माझ्याकडून शिकले नाहीत, तिच्याकडून शिकले. मला जळायला एवढं पुरे होतं.

मग बाबांना हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला. बरे झाल्यावर त्यांनी हट्टच धरला, माझं रक्त तिच्या कामाला घ्या. काढायचं मी, मुंबईला पोचवायचंही मीच. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, बर्फात ठेवू नकोस हं. गारठ्यानं प्लेटलेट बिथरतात, नळीतच नवे कण सुटतात. हातात उभी धर, हिसके देऊ नकोस."

मला नळी धरायला शिकवत होती!

सकाळी ओटीवर रक्त काढलं. आमच्याकडे जे ताजं ठेवायचं ते बर्फात जातं. बाबा आपणहून डबा भरून घेऊन आले. "घाल ह्याच्यात, ताजं ऱ्हाईल."

नको, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. फजिती होऊ दे तिची, असं मनात आलं आणि बरं वाटलं. मांडव्याहून बोट धरली. तिच्या दारात पोचण्याआधी नळी डब्यातून काढून ओढणीनं पुसली.

चार दिवसांनी ती रजा टाकून घरी आली, चेहरा उतरलेला. कण भलतेच जास्त निघाले होते, म्हणजे हृदयाला पुन्हा धोका. तिनं लपवलं, तरी बाबांनी ओळखलं. त्यांचं संध्याकाळचं जेट्टीवर जाणं बंद झालं, ताटातला बोंबील तसाच राहायला लागला. सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. पण सांगितलं असतं तर बाबांच्या मनातून उरलीसुरलीही उतरले असते. ती त्यांच्या उशाशी बसून राहायची आणि मी, लाज वाटते लिहायला, त्याचाही हेवा करत होते.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं बाबांसमोरच विचारलं, "ताई, खरं सांग. नळी बर्फात ठेवली नव्हतीस ना? गार झाली असेल तर हे आकडे खोटे आहेत. बाबांना कदाचित नवं काहीच झालेलं नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तो डबा आठवला असणार, आणि माझं गप्प राहणंही.

"मी घातली बर्फात," ते तिला म्हणाले. "ही नको नको बोलत व्हती. मीच आयकलं न्हाय."

लाडक्या लेकीशी ते माझ्यासाठी खोटं बोलले. मग बाही वर सारून त्यांनी हात माझ्यापुढे धरला.

"घे परत. तुझी सुई दुखत न्हाय."

मी दंडाला पट्टा बांधला. डोळे इतके भरून आले होते की मला शीर दिसेना.