अमावस्या गाठून नील बेटावर: स्वस्तातलं स्नॉर्केलिंग आणि मामंजींचं पंचांग

'पंधरा हजारांत अंदमान' सांगणारे व्हिडिओ मी इतके पाहिलेत, की आता त्यातल्या मुलांचे टी-शर्टही मला ओळखू येतात. या मुलांना भूक लागत नाही. ती कुणाच्या तरी ओळखीच्या घरी झोपतात, दिवसभर नारळपाण्यावर राहतात आणि शेवटी हिशेब दाखवताना विमानाचं तिकीट 'ते तर आधीच काढलं होतं' म्हणून बाजूला ठेवतात. तुम्ही स्वस्तातली सहल आखत असाल तर यांच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावर ठेवायचा की नाही, ते शेवटपर्यंत वाचून ठरवा.

मी मूळची नगरची. चेन्नईत अंबत्तूरला एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करते. नवरा रघू नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात संगणकापुढे बसतो. त्याचं घराणं तंजावरचं मराठी, त्यामुळे आमच्या घरात सासऱ्यांना अजून 'मामंजी' म्हणतात आणि भांडण रंगात आलं की सगळे तमिळमध्ये शिरतात. मामंजी निवृत्त हेडक्लार्क, सासूबाई निवृत्त शिक्षिका. घर ट्रिप्लिकेनला, मरीनाचा समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं तिथे जातो. मी आणि रघू गुडघाभर पाण्यात जाऊन येतो, मामंजी बरेच मागे कोरड्या वाळूत बसतात आणि सासूबाई त्यांच्या शेजारी बसून आमच्या चपला राखतात.

कारण काय, तर शास्त्र. पर्वकाळ सोडून समुद्राला स्पर्श करायचा नाही म्हणे. अमावस्या, पौर्णिमा, ग्रहण असलं काही असेल तरच. आणि नेमक्या त्या दिवशी मामंजींची कंबर दुखते किंवा घरी कुणीतरी येणार असतं. फ्रिजच्या बाजूला टांगलेल्या पंचांगाकडे बघून हे गृहस्थ ज्या थाटात 'आज नाही' म्हणतात, तो थाट लग्नापासून माझ्या डोक्यात जातो.

एका संध्याकाळी मी असलाच एक व्हिडिओ बघत होते. सासूबाई हातात झारा घेऊन माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर पोवळ्यांमधून पिवळे मासे चालले होते. "खाली असं असतं होय," त्या म्हणाल्या. "आम्ही जन्मभर वरचंच पाहिलं. मजला एकदा खालचं बघायचंय." आणि झारा घेऊन परत आत गेल्या. ही बाई दिवाळीला साडीसुद्धा मागत नाही. मी त्याच रात्री विमानांचे दर बघायला बसले.

आता नियोजन. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला सकाळी लवकरची विमानं स्वस्त, आणि आठवड्याच्या मधल्या वारी आणखी स्वस्त. दोनेक महिने आधी तिकीट काढलं तर चौघांचं मिळून ऑफिसातल्या एकाच्या मालदीवच्या फोटोंच्या खर्चाएवढंही होत नाही. (हा माणूस तिथे बाथटबमध्ये बसून आला. बाथटब त्याच्या घरीही आहे.) मी तारखा काढल्या, रघूनं मान डोलावली आणि मामंजींनी पंचांग काढलं. माझ्या तारखांमध्ये पर्व नव्हतं. बराच खल झाल्यावर त्यांनी अमावस्या धरून दिली. सासूबाई पाण्यात उतरणार तर अमावस्येलाच, एरवी नाही.

मी नगरला आईला कळवलं तर ती हबकली. अमावस्येच्या तोंडावर कुणी घराबाहेर पडतं का, असं म्हणून तिनं अर्धा तास ऐकवलं. इकडे चेन्नईत अमावस्या म्हणजे शुभ दिवस, लोक त्या दिवशी नवी गाडी घरी आणतात, त्यामुळे शेजारच्या मामी म्हणाल्या, किती छान मुहूर्त मिळाला. एकच तिथी, दोन घरं आणि दोन्हीकडून मला सल्ले. मला तेव्हा फक्त तिकीट स्वस्त पडतंय एवढंच दिसत होतं.

निघालो त्या पहाटे सासूबाईंनी इडल्या पोडीची सुकी चटणी आणि तेल लावून केळीच्या पानात बांधून घेतल्या होत्या. स्वस्त सहलीचा पहिला धडा हाच समजा. विमानात विकतं खाणारे लोक आमच्या डब्याकडे नाक मुरडून बघत होते आणि वास सुटल्यावर जरा वेगळं बघायला लागले. दोन तासांत खाली हिरवी बेटं दिसली. सासूबाई खिडकीला नाक लावून होत्या. मामंजींनी मात्र डोळे मिटले होते. जपाची वेळ असेल, असं मला वाटलं.

पोर्ट ब्लेअरला पर्यटकांना धरायला जे लोक उभे असतात त्यांचं तोंडपाठ भाषण ऐकू नका. रिक्षा करा आणि सरळ जेट्टीवर जा. सरकारी बोटीच्या तिकिटासाठी रांग लावावी लागते, पण खासगी बोटीच्या एका तिकिटात सरकारी बोटीनं दोघं आरामात जाऊन येतात. खासगी बोटीत वातानुकूलित खोलीत बसून लोक मोबाईलवर समुद्राचेच व्हिडिओ बघतात, हे मी परतीच्या वेळी जेट्टीवर उभी राहून पाहिलं. एक रात्र बाजाराजवळच्या साध्या लॉजवर काढली. गरम पाणी नव्हतं आणि त्या उकाड्यात लागलंही नाही. जेवायला तमिळ खाणावळ सापडली. एवढा समुद्र ओलांडून मामंजींनी तेच सांबार, तेच रसम खाल्लं आणि इथलं सांबार पातळ असतं, असा निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खुद्द अमावस्येला, बोटीनं नील बेटावर उतरलो. कागदोपत्री त्याचं नाव आता वेगळं आहे, पण लोक नीलच म्हणतात. बेट छोटं आहे. भाड्याच्या स्कूटरवर सगळं फिरून होतं. खोली दीड हजारांत मिळाली, बाहेर केळी आणि सुपारीची झाडं. सामान टाकून, जेवून आम्ही तीनच्या सुमाराला भरतपूर किनाऱ्यावर पोहोचलो. सासूबाईंनी माझा पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली होती.

किनाऱ्यावर पाणीच नव्हतं. समुद्र होता, पण तो लांब कुठेतरी मागे सरकून बसला होता. मधे नुसती ओली वाळू, खडक, शेवाळ आणि उघडी पडलेली पोवळी. होड्या एका अंगावर कलंडल्या होत्या. स्नॉर्केलिंगच्या टपरीवरचा माणूस पंखा घेऊन झोपला होता. त्याला उठवलं तर त्यानं हिंदीत एवढंच सांगितलं, की अमावस्येची ओहोटी आहे, आज काही होणार नाही, उद्या सकाळी दहाला या, पाणी भरेल.

अमावस्येला भरती-ओहोटी मोठी असते, हे आम्ही चौघंही शाळेत शिकलोय. त्यातली एक बाई ते शाळेत शिकवतही होती. तरी सगळ्या घरानं मिळून, पंचांग बघून, शुभ मुहूर्त काढून, हजारो रुपये मोजून, पाणी नसलेला दिवस शोधला होता. शास्त्राप्रमाणे आज समुद्राला स्पर्श करायला हरकत नव्हती. फक्त समुद्र जागेवर हवा होता.

मी संतापले होते. सासूबाई ओल्या वाळूकडे बघत उभ्या होत्या. आणि मामंजी? मामंजी एकदम खुलले होते. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, गरम भजी मागवली, आणखी एक प्लेट मागवली आणि चहावाल्याशी तमिळमध्ये गप्पा मारल्या. बायकोच्या तोंडाला पानं पुसली गेली आणि हा माणूस भजी खातोय, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खोलीवर परत आल्यावर मी विषय काढला. परतीची बोट दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी दहा म्हणजे एवढीच एक वेळ उरली होती. मामंजी शांतपणे म्हणाले, उद्या प्रतिपदा. मी म्हटलं, तिथी लांबली असेल. त्यांनी म्हटलं, अमावस्या संध्याकाळीच संपते. पंचांग बरोबर आणलं होतं. मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुमच्या हट्टापायी ही बाई चाळीस वर्षं चपलांची राखण करत बसली, हे मात्र मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. रघू नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये बुडाला.

सासूबाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं. तिकडे सूर्य पाचच्या आसपासच बुडायला लागतो. सुपारीच्या झाडांमागे लाल उजेड होता.

"त्यांना रागावू नक्को," त्या म्हणाल्या. "त्यांना पाण्याचं भय आहे. लग्नाच्या आधीपासून. पहिल्या वर्षी मरीनावर फेस पायाला लागला तर हात माझा असा धरला की बांगडी फुटली. अप्परम, मग, त्यांनी शास्त्र काढलं."

मी विचारलं, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत?

"सांगून काय करायचं? शास्त्र पाळतो म्हटलं की पुरुषाला मान असतो. भितो म्हटलं की हसतात. मी उतरले असते तर हे का उतरत नाहीत, असं लोकांनी विचारलं असतं."

म्हणजे चपला त्या राखत नव्हत्या. राखत होत्या ते वेगळंच. आणि मी, घरातली सगळ्यात हुशार म्हणून मिरवणारी, इतक्या रविवारांत एकदाही त्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. तरीही मला राग आलाच. त्यांच्या भीतीचा नाही, तर तिची किंमत दुसऱ्यानं एवढी वर्षं मोजली, याचा. तो राग अजून आहे.

सकाळी नाश्त्याला पुरी-भाजी होती. सासूबाई पुन्हा तोच ड्रेस घालून आल्या. मामंजींनी पंचांगावर हात ठेवला. त्या त्यांच्यासमोर बसल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शास्त्र तुम्ही सांभाळा. दोष लागला तर मजला लागू दे. मी उतरत्ये. तुम्ही काठावर थांबून माझ्या चपला बघायच्या."

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. त्यांना काठावरचं काम मिळालं होतं.

दहा वाजता तोच किनारा ओळखू येत नव्हता. काल जिथे होड्या कलंडल्या होत्या तिथे हिरवं पाणी होतं. माणशी हजार रुपये, थोडी घासाघीस केली तर कमी होतात. त्यात मुखवटा, तोंडात धरायची नळी, लाइफ जॅकेट आणि रबरी कडं धरून तुम्हाला ओढत नेणारा माणूस. पोहता यायची गरज नाही. व्हिडिओतली मुलं सांगत नाहीत ते सांगते: मुखवटा घालताना केस आत राहिले की पाणी शिरतं. माझे राहिले. मी नाकातोंडात खारं पाणी घेऊन, खोकत, एक चट्टेरीपट्टेरी मासा आणि रघूचा पाय एवढंच पाहून बाहेर आले. हजार रुपये पाण्यात गेले.

सासूबाईंनी पाण्यात तोंड घातलं ते वर काढेनात. त्यांची वेणी पाण्यावर तरंगत होती आणि नळीतून श्वासाचा आवाज येत होता. ओढणाऱ्या माणसानं परत वळायची खूण केली तर त्यांनी हातानंच आणखी पुढे नेण्याची खूण केली. त्यानं नेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं वर काढलं. मुखवट्याचा वळ कपाळावर उमटला होता.

"अगं, आवाज येतो," त्या मला म्हणाल्या. "ते हिरवे मोठे मासे पोवळं खातात नं, त्याचा. आम्ही चकली मोडतो तसा. त्या व्हिडिओत नव्हतं ते."

परत काठाकडे वळलो तेव्हा मामंजी काठावर नव्हते. ते पाण्यात उभे होते. सासूबाई दिसेनाशा झाल्या तसे ते एकेक पाऊल पुढे आले असावेत. पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली होती, चपलांचा जोड दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. रघूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. त्यांनी मामंजींच्या हातून चपला घेतल्या, मोकळा झालेला हात धरला आणि त्यांना कोरड्या वाळूत आणलं. पॅंटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुपारच्या बोटीत मामंजींनी आपण होऊन खुलासा केला. घरच्या माणसाच्या जिवाची काळजी असेल तर अकाली समुद्रस्पर्शाचा दोष लागत नाही, असं शास्त्रात आहे म्हणे. कुठल्या, ते मी विचारलं नाही. माझ्या जिभेच्या टोकावर निदान चार उत्तरं होती आणि ती तशीच गिळून मी खिडकीबाहेर बघत बसले. सासूबाई म्हणाल्या, असेल, तुम्हाला ठाऊक.

परत आल्यावर ऑफिसात मालदीववाल्यानं विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हटलं, एक मासा. तो समाधानानं निघून गेला. खर्च विचाराल तर पंधरा हजारांत चौघं जात नाहीत, एकटाही जात नाही. पण अमावस्या टाळलीत, सकाळची भरती गाठलीत, सरकारी बोटीच्या रांगेत उभं राहण्याची लाज बाळगली नाहीत आणि इडल्या बांधून नेल्यात, तर तुमच्या ऐपतीत बसेल. केस मुखवट्याच्या बाहेर ठेवा.

गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे मरीनाला गेलो. निघताना मामंजींनी फ्रिजशेजारी थांबून पंचांग पाहिलं आणि सांगितलं, "आज षष्ठी. पर्व नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

वाळूत पोहोचल्यावर त्यांनी साडी जरा वर खोचली, चपला काढल्या आणि मामंजींसमोर ठेवल्या. आम्हीही आमच्या ठेवल्या. आम्ही तिघं पाण्याकडे निघालो. मी मागे वळून पाहिलं तर मामंजींनी तिन्ही जोड उचलले होते आणि ते नेहमीच्या जागेवरून उठून, ओली वाळू सुरू होते तिथे येऊन बसत होते.