टिळेकर साहेबांचा फोन

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. आणि प्रत्येकाला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारते — पुरावा काय? भूतखेत, करणी, दृष्ट, यातलं काहीही मी मानलेलं नाही. माझा धंदाच संशय घेण्याचा आहे. सायबर सिक्युरिटी कन्सल्टिंगमध्ये प्रॅक्टिस हेड, म्हणजे या कामाच्या टीमची प्रमुख आहे मी. कंपन्या आम्हाला सांगतात, आमच्याकडे शिरून दाखवा. मग आमची माणसं थापा मारून गेटमधून आत जातात, त्यांच्या कॉम्प्युटरला एक छोटं उपकरण लावतात आणि बाहेर येऊन रिपोर्ट लिहितात. सगळं लेखी परवानगीने, बरं का.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रेवदंड्याच्या पुढे, मुरुडच्या रस्त्याला एका कंपनीची गोदामं आणि जेट्टी आहे. तिथे माझ्या टीममधला एक जण जाणार होता, तो ऐनवेळी तापाने आडवा झाला. खरं तर तारीख पुढे ढकलायला हवी होती. पण हौस! म्हटलं, केबिनमध्ये बसून गंजले तर नाही ना, बघू एकदा... आणि एकटीच गाडी काढून निघाले.

त्याची ठरलेली थाप होती एसी दुरुस्तीची. मला ती शोभली नसती. म्हणून नागावला शहाळं प्यायला थांबले तेव्हा दुसरी रचली — मी ऑडिटला आलेय, हेड ऑफिसच्या टिळेकर साहेबांनी पाठवलंय. हा टिळेकर जन्माला आला तो तिथे, माझ्या डोक्यात. मी ते नाव कुठे लिहिलं नाही, कुणाशी बोलले नाही, कुणाला फोन केला नाही. एवढं लक्षात ठेवा.

गेटवर सिक्युरिटीच्या एक बाई होत्या, सुमनताई. मी काच खाली केली, तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "टिळेकर साहेबांनी धाडलेल्या मॅडम ना? आताच फोन आलता त्यांचा. जावा आत."

मी तर अजून नाव घेतलंही नव्हतं. पण गेट उघडलेलं दिसल्यावर कसली थांबते मी! आत गेले, काम उरकलं, फोटो काढले. असेल कुणी खराच टिळेकर, अशी मनाची समजूत घातली.

नव्हता. दुपारी तिथल्या मॅनेजरसमोर सगळं उघड केलं तेव्हा कळलं, या नावाचं त्यांच्याकडे कधीच कुणी नव्हतं. सुमनताईंना बोलावून घेतलं. त्या एकच सांगत राहिल्या — गेटच्या फोनवर साहेबांचा फोन आला. आयटीवाल्याने तपासलं, तर सकाळपासून गेटवर फोनच आलेला नाही. मॅनेजरनी मला विचारलं, तुमच्यापैकी कुणी केला होता का?

"नाही," मी म्हणाले.

खरंच होतं ते. पण पुढचं वाक्य मी गिळलं. सुमनताई माझ्याकडेच बघत होत्या.

"मॅडम, तुमी नाव घ्यायच्या आधी मीच बोल्ले ना? सांगा की यांना."

मी लॅपटॉपमध्ये बघत राहिले. काय सांगणार होते? प्रॅक्टिस हेड बाई म्हणतात, नसलेल्या माणसाचा फोन आला! रिपोर्ट कचऱ्यात, क्लायंट गेला, वर टीममध्ये हसं... एका क्षणात हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि त्यात सुमनताई कुठेच नव्हत्या. लाज वाटते लिहायला. नुसती चूक असती तर ट्रेनिंगवर भागलं असतं, आम्हीच तसं सुचवतो. पण माझ्या तोंडून नाव ऐकून मला आत सोडलं आणि ती चूक झाकायला फोनचं खोटं बोलल्या असं ठरलं, आणि त्यांची नोकरी गेली.

मन खात राहिलं. शेवटी एका रविवारी सकाळी, घरातही न सांगता, सुमनताईंचं गाव, मुरुड गाठलं. कोळीवाड्यात विचारत विचारत त्यांचं घर काढलं. सुमनताई अंगणात काठीवर बोंबील वाळत घालत होत्या. दारात एक खुर्ची मांडलेली, शेजारी स्टुलावर बशीने झाकलेला चहा.

"बसा मॅडम. टिळेकर साहेबांचा फोन आलता."

मी खुर्चीत बसले. काय म्हणाले, एवढंच कसंबसं विचारलं.

"बोल्ले, बाई येतेय. तिला तोंड उघडायला जड जाईल, तूच आधी बोल."

आता तरी मी काय करावं? पाय धरावेत की नाही? मी हात पुढे केला आणि म्हटलं, "तुमचा मोबाईल बघू."

त्यांनी पदराला हात पुसले आणि मुकाट्याने फोन दिला. मी आलेले कॉल बघितले, पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितले. त्या रविवारी सकाळपासून त्यांना एकही फोन आला नव्हता. मान वर केली तर त्या तशाच उभ्या.

"आता पन मीच खोटी का, मॅडम?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन त्यांच्या हातात ठेवला, माफी मागितली — किती वेळा ते आठवत नाही — आणि तिथूनच मॅनेजरना फोन लावून स्पीकरवर टाकला. सांगितलं, नाव आधी त्यांनीच घेतलं होतं, मी नाही. मीटिंगमध्ये मी गप्प बसले, त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते हसून म्हणाले, "मॅडम, पुरावा काय?"

मी सुमनताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि परत बोंबलांकडे वळल्या.

त्यांना कामावर परत घेतलेलं नाही. मॅनेजरना मी अजून मेल करते, लेखी देते, उत्तर येत नाही. टिळेकर कोण, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी विचाराल, पुरावा काय... विचारा. माझ्याकडे नाही.