सगळं हाय, पाणी न्हाय

उद्या जगबुडी आली, तर शुक्रवार पेठेतले ज्ञानबा आबा दचकणार नाहीत. उलट "एवढा उशीर का केलास बये?" असंच तिला विचारतील. तिच्या स्वागताची तयारी त्यांनी घरातल्या मधल्या खोलीत केव्हाच करून ठेवली आहे.

आबा मूळचे करकंबचे. श्रीपूरकडच्या साखर कारखान्यात त्यांनी उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला. कारखान्यातून आबा निवृत्त झाले, पण आबांमधून स्टोअर काही निवृत्त झालं नाही. लेकाकडे सोलापुरात राहायला आले, तेव्हा टेम्पोतून आधी धान्याच्या कोठ्या उतरवल्या आणि मग वच्छलाबाईंना. ही गोष्ट वच्छलाबाई अजून विसरलेल्या नाहीत आणि आबांनाही विसरू देत नाहीत.

मधल्या खोलीत शिरायचं म्हणजे अंग चोरून शिरावं लागे. एरंडेल चोळलेली तूरडाळ, कडुलिंबाच्या पाल्यात निजवलेले गहू, राखेत लोळवलेले हुलगे, सांडगे-कुरडयांचे डबे, आमटीच्या येसर मसाल्याच्या बरण्या. त्याखेरीज कंदील, गोवऱ्यांचं पोतं, सुतळीचे गठ्ठे आणि सायकलच्या फुटक्या ट्यूबा. ट्यूबा कशाला, असं विचारलं की आबा म्हणत, "लागत्यात की!" कधी, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि या सगळ्यांच्या वर, मानाच्या फळीवर, कडक भाकरीचे पत्र्याचे डबे. ही आपल्याकडची भाकरी पापडासारखी वाळते, महिनोन्‌महिने टिकते, आणि तोवर आपले दात टिकले असतील तर खाताही येते.

"येळ काय सांगून येती व्हय?" हे आबांचं ब्रीद. टाळेबंदीत ती एकदाची आली होती. पेठ किराण्याच्या रांगेत उभी असताना आबा दारात खुर्ची टाकून, व्याह्यासारखे पाय पसरून बसले होते. त्या एका सुखावर ते अजून जगत होते. त्यानंतर मात्र वेळेनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अडचण झाली ती आरोहीमुळे. ही आबांची नात. ती दहावीत गेली आणि घरात तिला बसायला जागा नाही, असा शोध लागला. ती ज्वारीच्या पोत्यावर बसून, गव्हाच्या कोठीवर वही ठेवून गणितं सोडवायची. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकाला एरंडेलाचा वास यायचा.

एक दिवस सुनेनं, म्हणजे अपेक्षानं, आवाज जराही न चढवता सांगितलं, "आबा, रविवारी भंगारवाला येतोय. मधल्या खोलीत आरोहीचं टेबल लागणार. तुम्हाला ठेवायचंय ते तुमच्या कॉटखाली ठेवा, बाकीचं तो नेईल."

अपेक्षा पतसंस्थेत वसुलीला होती. तिनं हळू आवाजात सांगितलेली तारीख भलेभले पाळत.

आबांनी आशेनं वच्छलाबाईंकडे बघितलं.

"माज्याकडं काय बगताय? कॉटखाली माजी ट्रंक हाय."

आबांपुढे आता एकच वाट उरली. त्यांनी सिद्धेश्वराला साकडं घातलं. रविवारच्या आत एखादी आपत्ती धाड बाबा. फार मोठी नको. कुणाच्या जिवाला धक्का नको. पण अशी असावी, की सुनेनं स्वतः येऊन म्हणावं, "आबा, जरा मधली खोली उघडता का?"

देव दयाळू आहे. फक्त त्याला विनोदाचं जरा वेड आहे.

शनिवार हा पाण्याचा दिवस होता. सोलापुरात वाढदिवस विसरला तरी चालतो, पण पाण्याचा दिवस विसरला तर घरात राहता येत नाही. नळ मधले दिवस खाडा करून येतो, म्हणून घराघरात बॅरल, टाक्या, हंडे, कळश्या भरून ठेवलेल्या असतात. आणि नवं पाणी यायची वेळ झाली, की साठवलेलं जुनं पाणी शिळं होतं. काल रात्रीपर्यंत तेच पाणी गोड लागत असतं, नळाच्या दिवशी सकाळी ते अचानक विटतं. मग ते मोरीत, अंगणात, रस्त्यावर ओतून द्यायचं, भांडी घासूनपुसून लख्ख करायची आणि ताजं भरायचं. ज्या गावात पाण्यावरून सख्खे शेजारी वर्ष वर्ष बोलत नाहीत, त्या गावात हा धर्म नेमानं पाळला जातो.

आबा तर या धर्माचे शंकराचार्य. त्यांना जुनी डाळ चालायची, मिसरूड फुटलेलं लोणचं चालायचं, पण पाणी म्हटलं की ताजंच.

त्या शनिवारी त्यांना खास जोर चढला होता. सुनेला आपली शिस्त दाखवायची होती. धोतर खोचून ते नळापाशी उभे राहिले. नळ आधी फुसफुसला. आत हवा खुळखुळली. आबांनी सेनापतीसारखा हात वर केला.

"आलं! वता सगळं!"

"आवो, थेंब तरी पडू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या.

"चाळीस वर्सं स्टोअर सांबाळलंय मी. गाडी फाटकात आली म्हंजी माल आला!"

बॅरल आडवी झाली. टाकीचं बूच निघालं. हंडे-कळश्या उपड्या झाल्या. समोर राहणाऱ्या वीरभद्रप्पांची स्कूटर त्यांनी न सांगता धुऊन निघाली. आबांनी नारळाच्या शेंडीनं बॅरल आतून घासली, इतकी की तिच्यात तोंड दिसावं.

नळ एकदा खोकला. तांबूस पाण्याची एक गुळणी टाकली आणि गप्प बसला.

थोड्या वेळानं वीरभद्रप्पा मोबाइल नाचवत बाहेर आले आणि आपल्या कानडी हेलात म्हणाले, "एन्‌ री आबा, कळलं का? मोठी पाइपलाइन फुटली म्हणे. उद्या संध्याकाळपर्यंत पाणी नाय."

आबा लख्ख बॅरलीकडे बघत राहिले. तिच्यात त्यांचं तोंड खरंच दिसत होतं.

"आली बगा तुमची आपत्ती," वच्छलाबाई म्हणाल्या. "पाट मांडू का तिला?"

आबा मधल्या खोलीत शिरले. सगळं आपापल्या जागी होतं. डाळ होती, पण शिजवायला पाणी हवं. हुलगे होते, त्यांचं माडगं करायचं तर पाणी हवं. येसर होता, आमटीला पाणी हवं. जुलाबावरच्या पुड्या होत्या, त्यांवर लिहिलं होतं: एक लिटर पाण्यात विरघळवा. आणि एका डबीत, जपून ठेवलेल्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या होत्या. त्या पुरेशा होत्या. अख्खा उजनीचा जलाशय शुद्ध झाला असता.

तेवढ्यात आरोही क्लासवरून आली. उन्हानं चेहरा लाल झालेला. दप्तर ज्वारीच्या पोत्यावर टाकून म्हणाली, "आबा, पाणी द्या ना."

आयुष्यभर आबांना अशीच मागणी हवी होती. आणि त्यांच्याकडे सायकलची ट्यूब होती.

"आबा, पाणी."

आबा उठले. स्टुलावर चढून त्यांनी मानाच्या फळीवरचा कडक भाकरीचा डबा काढला. स्टोअरकीपरचा एक धर्म असतो: माल आत येतो, बाहेर जातो ती चोरी. तो धर्म खुंटीला टांगून आबा डब्यासकट रस्ता ओलांडून गेले.

वीरभद्रप्पांच्या घरी पाणी होतं. त्याला त्यांची दूरदृष्टी कारण नव्हती. त्यांची बायको लेकीकडे अक्कलकोटला गेली होती आणि बॅरल घासायचा त्यांना कंटाळा होता. पेठेतलं एवढं पाणी एका आळशी माणसामुळे वाचलं होतं. स्वतः वीरभद्रप्पा मात्र बायको गेल्यापासून पोह्यांवर दिवस काढत होते.

"अप्पा, एक कळशी द्या. ह्या भाकरी घ्या. शेंगाचटणी पन आनतो."

वीरभद्रप्पांनी भाकरी मोडली. कटकन आवाज झाला. चटणी येईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. "आबा, कळशी काय, घागर न्या की! आन्‌ पाणी शिळं हाय हं, आधीच सांगतो."

"आसू द्या," आबा म्हणाले. हे शब्द आबांच्या तोंडून ऐकून वच्छलाबाईंनी उंबऱ्यातूनच कपाळाला हात लावला.

आरोही गटागटा पाणी प्यायली. पण तो कटकन आवाज गल्लीभर गेला होता. ज्यांनी थेंब पडल्यावर ओतायचं म्हणून वाट पाहिली होती, त्यांच्याकडे थोडंथोडं पाणी होतं, पण भांड्यांचा ढीग वाढवायला नको म्हणून चुली थंड होत्या. मग एक शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली, दुसरी छोटा हंडा. आबा दारात खुर्ची टाकून बसले आणि जुन्या सवयीनं गुरकावले, "रांगेत या! आदी भांडं दावा!" कुणाला भाकरी, कुणाला चटणी, कुणाला कैरीचं लोणचं. संध्याकाळी कळश्या भरून पाणी जमलं, तेव्हा आबांनी डाळ-हुलगेही काढले, आणि रविवारी गोवऱ्यांवर अख्ख्या गल्लीची आमटी रटरटली.

अपेक्षा आतून आली. हळू आवाजात म्हणाली, "आबा, जरा मधली खोली उघडता का? कुरडया हव्यात. पोरं मागतायत."

आबांनी हे वाक्य ऐकलं आणि पागोट्याचं टोक उगाच डोळ्यांना लावलं. धूर फार झाला होता म्हणे.

भंगारवाला आला तेव्हा गहू-ज्वारीही गल्लीत वाटून झाली होती आणि खोलीत रिकामे डबे नि ट्यूबा उरल्या होत्या. डबे वच्छलाबाईंनी दिले नाहीत. ट्यूबा त्यानं घेतल्या नाहीत.

आता मधल्या खोलीत आरोहीचं टेबल आहे. टेबलाखाली पाण्यानं भरलेली, झाकण लावलेली एक बुटकी बॅरल आहे. तिच्यावर पाय ठेवून ती अभ्यास करते. आबा मधूनच झाकण उघडून बघतात आणि तिनं वर पाहिलं की "अब्यास कर, अब्यास," म्हणतात.

पुढच्या पाण्याच्या दिवशी नळ फुसफुसला. वच्छलाबाई मुद्दामच बॅरलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आलं वाटतं. वतू का?"

आबांनी बॅरलीच्या झाकणावर हात ठेवला.

"थांब गं," ते म्हणाले. "आदी त्यो काय म्हंतोय ते ऐकू."