बारातोंड्या आणि जिन्यावरची बाई

त्या सिनेमात मी प्रेत आहे. पहिल्याच रिळात मळक्या चादरींच्या ढिगाखालून दोन तळपाय बाहेर आलेले दिसतात, ते माझे. इतका निश्चल अभिनय पुढे भल्याभल्यांना जमला नाही, असं माझी बायको म्हणते. घरीही मी तसाच पडलेला असतो हे ती त्याला जोडून सांगते. पण माझं राहू द्या. सांगायचंय ते माझ्या मित्राबद्दल, बारातोंड्याबद्दल.

हे नाव त्याला गल्लीनं ठेवलं. सिनेमा त्यानं काढला मुका, आणि त्यातल्या बाराच्या बारा पात्रांचं बोलणं पडद्याशेजारी उभं राहून, स्वतःच्या एका तोंडानं बोलला. तेही एकदा नाही, तीसेक वर्षं. आणि दर खेळाला वेगळं! जगात असा माणूस दुसरा असेल तर मला दाखवा, मी त्याच्याही सिनेमात फुकट मरायला तयार आहे.

या वेडाचं मूळ एका काचेत आहे. त्याच्या आईची लाँड्री होती. रस्त्याकडेला भली मोठी काच, आत यंत्रांची घरघर. बाहेरची माणसं भेटताना, भांडताना, हात नाचवताना दिसत. ऐकू मात्र काही येत नसे. हा पोरगा स्टुलावर चढून त्यांचं बोलणं आतून बोलायचा. समोर एखादा जाडा गृहस्थ पोलिसाला पत्ता विचारतोय, की हा लगेच रडक्या आवाजात, "साहेब, मला आत टाका हो, घरी सासू आलीय." मग पोलिसाच्या आवाजात, "आत जागा नाही, माझीही आलीय." आई हसून हसून हातातली इस्त्री विसरायची. एका बँक मॅनेजरच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. बारातोंड्याला मिळालेली ती पहिली दाद.

आई गेल्यावर लाँड्री थोरल्या भावाकडे आली. दादा कामाला वाघ आणि बोलायला मिरची. "तोंडाची वाफ दवडू नकोस, बॉयलरची सांभाळ," हे तो धाकट्याला दिवसातून इतक्यांदा सांगे की शेवटी धाकट्यानं सिनेमाचं नावच 'वाफ' ठेवलं. दादानं ते पाटीवर वाचलं आणि त्याला वाटलं, आपला सन्मान झाला. आम्ही कोणी ती समजूत मोडली नाही.

बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून बारातोंड्यानं चावीचा कॅमेरा पैदा केला होता. चावी भरायची, ती उलगडेपर्यंत चित्र घ्यायचं, की पुन्हा चावी. आवाज पकडायची सोय त्यात नव्हती. 'वाफ'च्या आधी त्यानं काय काय केलं म्हणता? एक सिनेमा नुसत्या हातांचा. माणूस दिसतच नाही. एकात नायक सुरुवातीलाच मरतो आणि उरलेला वेळ घरचे त्याचा चष्मा शोधतात. तो चष्मा कोणालाही सापडला नाही, प्रेक्षक मात्र दारात सापडले, पळताना.

'वाफ' वेगळा होता. सगळा लाँड्रीत घेतलेला. बॉयलरच्या धुक्यातून माणसं उगवतात आणि विरतात. दोऱ्यांवर ओल्या चादरी हलतात, त्यांच्या मागं सावल्या कुजबुजतात. आणि मधोमध ती लोखंडी जिन्यावरची बाई. अंगावर साधा कामाचा झगा, एक हात कठड्यावर; सरळ तुमच्याकडे बघत ती काहीतरी बोलते. एका चावीत मावेल एवढंच. बोलता बोलता क्षणभर नजर खाली टाकते, पुन्हा वर करते, ओठ थरथरतात, आणि चावी संपते. मी आयुष्यात खूप पडदे बघितले. तसं उभं राहिलेलं दुसरं माणूस बघितलं नाही.

ती बाई म्हणजे आमच्या वहिनी, बारातोंड्याची बायको. नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. पुढे त्या प्रोजेक्टर चालवायला लागल्या. अंधारात मागं बसायचं, रीळ बदलायचं आणि स्वतःलाच तरुण बघायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. बोलायच्या मात्र नाहीत. त्यांच्या घरात बोलायचं खातं नवऱ्याकडे होतं.

खेळ व्हायचा सुट्टीच्या दिवशी, दुपारी, कपडे वाळवायच्या लांब खोलीत. खिडक्यांना घोंगड्या, पडद्याला दोन चादरी जोडलेल्या, बसायला उलट्या टाकलेल्या कपड्यांच्या टोपल्या. सुरुवातीला शेजारपाजारचे आले. मग त्यांनी कोणाला आणलं, त्यांनी आणखी कोणाला. बघता बघता एक टोळीच जमली. एक न्यायाधीश यायचे, एक नर्स यायची, एक गळ्याचे डॉक्टर यायचे. सांगितलं ना, तो दर खेळाला वेगळं बोलायचा? एका वर्षी 'वाफ' खुनाची गोष्ट असायची, दुसऱ्या वर्षी प्रेमाची. माझं प्रेत कधी कंजूष सावकाराचं, कधी राजपुत्राचं. एकदा तर ते नुसतं झोपलेलं निघालं आणि मला उगाच वाईट वाटलं. त्यामुळं प्रेक्षकांत दोन पक्ष पडले, खूनवाले आणि प्रेमवाले. न्यायाधीश प्रेमवाले होते आणि डॉक्टर खूनवाले. माणसाचं काही सांगता येत नाही.

एका मोठ्या स्टुडिओचा माणूस आला होता. म्हणाला, "आवाज भरून घेऊ, सगळीकडे दाखवू."

बारातोंड्या म्हणाला, "कुठला आवाज? परवाचा की उद्याचा?"

"जो चांगला असेल तो."

"उद्याचा चांगला आहे. पण तो अजून आला नाही."

तो माणूस टोपलीवरून उठला आणि गेला. पँटीला वेताची जाळी उमटलेली, तशीच घेऊन गेला. पुढे परदेशातल्या एका महोत्सवानं रीळ मागवलं. हा म्हणाला, मलाही न्या, अर्धा सिनेमा माझ्या गळ्यात आहे. त्यांनी फक्त रीळ नेलं, मुकं दाखवलं, आणि 'मौनाचा धाडसी वापर' केल्याबद्दल बक्षीस दिलं. ती बक्षिसाची ढाल दादानं कपड्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवली. फार उपयोगी पडली.

आणि मग त्याच्या घशाला खरखर सुटली. आधी वाटलं, वाफेनं झालं असेल. पात्रं एकेक करून बसक्या आवाजात बोलायला लागली. नायिका तर ट्रक चालवणारी वाटायची. आमच्या डॉक्टरांनी घसा बघितला. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा खूनवाल्याचा राहिला नव्हता. म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल. आवाज नाही."

वहिनींनी मान हलवली. बारातोंड्या खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या माणसांकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "मी वाचेन रे. पण 'वाफ' मरेल. माझ्याशिवाय ती नुसती धुतलेली चादर आहे."

खरंच होतं ते. त्या घरात दुसरं काही कमावलेलं नव्हतं. मूल नव्हतं. होता तो हा एक सिनेमा, आणि त्याचा अर्धा भाग आता कापून टाकायचा होता.

टोळीनं युक्ती काढली. ऑपरेशनच्या आधी त्याचा एक पूर्ण खेळ टेपवर घ्यायचा. तो तयार होईना. "एकदा छापलं की मेलं," म्हणायचा. शेवटी नर्सनं दटावलं, "ओ बारातोंडे, आमच्यासाठी करा. तुमच्यासाठी कोण सांगतंय?" मग त्यानं केलं. उरल्यासुरल्या घशानं, शांत खोलीत बसून, समोर सिनेमा न लावता, पाठ असल्यासारखं बारा जणांचं बोलला. टेप उत्तम निघाली. आणि तिथंच सगळे शहाणे फसले.

कारण आमचा प्रोजेक्टर तापला की मंदावायचा. तीस वर्षं बारातोंड्या ते कानानं ओळखून शब्द ताणत आला होता, दोन वाक्यांमध्ये खोकत आला होता, जादाची शिवी घालत आला होता. सिनेमा शेवटाकडे संथ होतो यावर एकानं गंभीर लेखही लिहिला होता. ते सगळं यंत्राचं तापणं होतं हे आम्हाला माहीत होतं. पण टेपला कोण सांगणार?

ऑपरेशननंतरचा पहिला खेळ. खोली गच्च. बारातोंड्या पहिल्या टोपलीवर, गळ्याला पांढरी पट्टी. वहिनी मागं, प्रोजेक्टरपाशी. टेप लावली. पहिलं रीळ झकास गेलं. दुसऱ्यात आवाज पुढं आणि ओठ मागं. तिसऱ्यात नायकाचं बोलणं नायिकेच्या तोंडात, नायिकेचं कुत्र्याच्या. आणि मग माझे तळपाय पुन्हा दिसले आणि ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "माझ्याशी लग्न करशील?"

खोली फुटली. लोक टोपल्यांवरून पडले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग बारातोंड्याकडे लक्ष गेलं. तो उठला, टेपपाशी गेला आणि त्यानं ती बंद केली. रागानं नाही. दिवा मालवावा तशी.

पडद्यावर चित्र चाललं होतं. आवाज कशाचाच नाही, फक्त प्रोजेक्टरची टकटक. तो परत येऊन बसला, खांदे पाडून. सगळ्यांना कळलं, आपण काय बघतोय ते.

तेवढ्यात न्यायाधीश घसा खाकरून नायकाचं वाक्य म्हणाले. कोर्टात निकाल वाचतात तसं. मागून एक खूनवाला ओरडला, "चूक! तो असं नाही म्हणत, तो म्हणतो, सुरा कुठंय?" नर्स म्हणाली, "गप्प बसा दोघं, आता मोलकरीण बोलणार आहे," आणि बोललीसुद्धा. मग कुठून कुठून आवाज यायला लागले. प्रत्येकाला आपापल्या वर्षातलं पाठ. एकाच तोंडात दोन-दोन वाक्यं, खून आणि प्रेम एकदम. आश्चर्य म्हणजे जमत होतं. प्रेम करणारा माणूस सुरा शोधतोय, यात न पटण्यासारखं काय आहे? दादासुद्धा दारातून बॉयलरवाल्याचं बोलला. अर्थात, "वाफ सांभाळ." बारातोंड्याची मान एकेका आवाजाकडे वळत होती. वाटलं, तरला सिनेमा.

आणि जिना आला.

सगळे गप्प. कारण त्या बाईचं बोलणं कोणालाच पाठ नव्हतं. तिथं त्यानं एक शब्दही कधी पुन्हा वापरला नव्हता. तिनं हात कठड्यावर ठेवला. ओठ उघडले.

"अहो, किती वेळ उभी करणार?"

आवाज मागून आला. म्हातारा, जरासा चिरका.

"पाय भरून आले माझे. शेगडीवर दूध ठेवलंय. उतू गेलं तर पातेलं काय तुमचा सिनेमा घासणार आहे?"

ओठाला ओठ लागत होता. 'प' ला मिटत होते, 'आ' ला उघडत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा ती बाई बोलत होती. पडद्यावर तिनं नजर खाली टाकली.

"आणि असं बघू नका माझ्याकडे. सवय नाही मला." नजर वर आली. "बघत राहणार असाल... तर राहते उभी."

चावी संपली.

बारातोंड्या वळला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याची पाठ पडद्याकडे होती. तो प्रोजेक्टरच्या झोतात डोळे बारीक करून मागं बघत होता, आणि झोतामागं काय आहे ते त्याला दिसत नव्हतं, तरी बघत होता.

न्यायाधीश डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे हे खरं बोलणं! निकाल लागला एकदाचा." सगळ्यांनाच तसं वाटलं. मलाही. आता 'वाफ' पूर्ण झाली, शेवटचा शब्द मिळाला.

पुढच्या सुट्टीला पुन्हा खेळ ठेवला. दुपटीनं गर्दी, ते दुधाचं ऐकायला. जिना आला. ओठ उघडले. आणि मागून वहिनी म्हणाल्या, "आई सांगत होती, नको करू लग्न याच्याशी. बोलून बोलून जीव खाईल तुझा..."

वेगळंच! आणि तेही ओठांवर तंतोतंत. नजर खाली गेली तिथं शब्द थांबला, वर आली तिथं उठला.

खेळ संपल्यावर मी त्यांना गाठलं. "वहिनी, आता खरं सांगा. त्या दिवशी जिन्यावर काय बोलला होता तुम्ही?"

"मला काय आठवतंय, भावजी," रीळ गुंडाळत त्या म्हणाल्या. "बसलं ना ओठांवर? मग झालं तर."

"मग दुधाचं?"

"दूध आमच्याकडे रोजच उतू जायचं."

बारातोंड्या टोपल्या उचलत होता. त्यानं हे ऐकलं आणि तो हसायला लागला. आवाज कसला? खांदे नुसते गदगदत होते, गळ्याची पट्टी हलत होती. टोपल्या हातातून सुटल्या. लहानपणी आईला इस्त्री विसरायला लावायचा ना, अगदी तसं कोणीतरी आता त्याला हसवत होतं. मग त्यानं वहिनींकडे बोट करून माझ्यापुढं हात नाचवला: पुढच्या सुट्टीला काय बोलणार, विचार, विचार.

"सांगू नका," मी म्हणालो. "ऐकायला येतो."

"या," वहिनी म्हणाल्या. "आणि येताना तुमचं धुणं आणा. दादा म्हणत होते, प्रेताचे पाय तीस वर्षांत कोणी धुतलेले दिसत नाहीत."